डब्लिनच्या सुइणींनी झोपू दिलं नाही

सध्या मी भेटेल त्याच्या हातात एक पुस्तक कोंबत सुटले आहे. नणंदेला दिलं, ऑफिसातल्या दोघींच्या मागे लागले, लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं नुसतं मुखपृष्ठाकडे पाहिलं, तर तिला कल्याण येईपर्यंत गोष्ट ऐकवली. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे बाळंतपणाची कादंबरी? आणि त्यात रोमान्स?’ हो ना! बाळंतपणाची, तापाच्या साथीची, कार्बोलिकच्या वासाची कादंबरी आणि त्यात असा रोमान्स, की रात्री दोन वाजता दिवा मालवून पडले आणि पाच मिनिटांत पुन्हा लावला.

पुस्तकाचं नाव ‘द पुल ऑफ द स्टार्स’, लेखिका एमा डॉनह्यू. ‘रूम’वाली. एका कोठडीत डांबलेल्या आई-मुलाची तिची ती कादंबरी आणि त्यावरचा सिनेमा पुष्कळांना ठाऊक असेल. बाई मूळची डब्लिनची, राहते कॅनडात, आणि खोलीचं तिला काहीतरी वेड आहे, कारण इथेही जवळजवळ सगळं घडतं ते एका खोलीत. साल 1918, ऑक्टोबरची 31 तारीख. महायुद्ध संपायला दोन आठवडेसुद्धा उरलेले नाहीत, पण हे त्या शहरात कुणालाच माहीत नाही. इन्फ्लुएंझानं डब्लिनला घेरलंय. इस्पितळातल्या निम्म्या नर्सेस स्वतःच अंथरुणावर. ताप असलेल्या गरोदर बायांना इतरांपासून वेगळं ठेवायचं म्हणून सामानाची एक खोली रिकामी केलेली, तिच्यात तीन खाटा कशाबशा बसवलेल्या. हा वॉर्ड! त्याची सगळी जबाबदारी ज्युलिया पॉवर नावाच्या नर्सवर. वय तिशीच्या उंबरठ्यावर. घरी युद्धावरून परतलेला भाऊ, तो आता बोलत नाही. मदतीला कुणी द्या हो, म्हणून ती विनवते, तेव्हा पाठवली जाते ब्रायडी स्वीनी. नर्सिंग न शिकलेली, नन्सच्या आश्रयानं वाढलेली पोर. स्वतःचं नक्की वय तिला सांगता येत नाही. बाविसेक असेल, म्हणते.

आणि मग सुरू होतं काम. काय काम! मला वाटायचं, बाळंतपणाचा प्रसंग कादंबरीत कसा असतो ते मला पाठ आहे: दाराबाहेर येरझारा घालणारा नवरा, आतून किंकाळी, ‘गरम पाणी आणा’, मग टॅहां. इथे लेखिका दार लावून आपल्याला आत घेते. कळांमधलं अंतर मोजायला लावते. कुठल्या बाईची कितवी खेप, कुणाचं अंग किती झिजलंय, कुणाच्या पायांवर सूज आहे, कुणाचे ओठ निळे पडायला लागलेत. कादंबरीचे चार भाग आहेत, त्यांची नावं रंगांची: लाल, तपकिरी, निळा, काळा. प्राणवायू कमी पडू लागला की त्या साथीत रोग्याच्या चेहऱ्याचा रंग ज्या क्रमानं पालटायचा, तोच हा क्रम. हे कळलं आणि मी अनुक्रमणिकेकडे पुन्हा पाहिलं, तर अंगावर काटा आला. औषध म्हणून काय, तर गरम व्हिस्की! खोकल्याला व्हिस्की, घाबरल्याला व्हिस्की. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत. बोलणं, विचार, कण्हणं सगळं एकात एक मिसळलेलं. पहिली दहा पानं अडखळायला झालं, मग लक्षात आलं की त्या खोलीत उभ्या असलेल्या बाईला ते तसंच ऐकू येत असणार.

ज्युलियाजवळ एक चांदीचं घड्याळ आहे. तिच्या हाताखाली एखादी बाई गेली, की ती त्या घड्याळाच्या पाठीवर एक बारीकशी चंद्रासारखी खूण कोरते. वही नाही, नोंद नाही. रजिस्टरात इस्पितळ काय लिहायचं ते लिहितंच. हा तिचा स्वतःचा हिशेब, जो दुसऱ्या कुणी बघायचा नाही. हे घड्याळ मी डोक्यातून काढू शकत नाहीये.

आता प्रेम. ते कुठे आहे? तर तेही तिथेच, त्या तीन खाटांच्या फटीत. एकीनं म्हणायचं, इथे धर, दुसरीनं धरायचं. एकीनं हात कसे घासून धुवायचे ते दाखवायचं, दुसरीनं बघून बघून तसेच धुवायचे. दुपारपर्यंत ब्रायडीला सांगावं लागत नाही. ज्युलियाला पुढे काय लागणार ते तिला आधीच कळलेलं असतं. आणि ज्युलिया, जिला सगळं एकटीनं निभवायची सवय झालेली, ती एकदा नुसती मान वर करते आणि हवी ती वस्तू समोर धरलेली असते. मी सांगते, शेकडो पानांच्या ऐतिहासिक रोमान्समधल्या एकाही बॉलरूममध्ये मला इतकं धडधडलं नव्हतं!

कारण त्या नेहमीच्या गोष्टींत काय होतं? नायिका मोलकरीण असो की शिवणकाम करणारी, प्रेम सुरू झालं की काम बंद पडतं. तिच्या हातातला झाडू पहिल्या चुंबनापूर्वीच कुठेतरी गायब होतो, पुढे तो सापडतच नाही. कष्टकरी असणं हा तिचा पोशाख असतो, गोष्ट संपेपर्यंत बदलायचा. इथे उलट आहे. कामातूनच प्रेम येतं, कामाच्या मधल्या सांदीत वाढतं, आणि पुढची बाई कळांनी तळमळायला लागली की निमूट बाजूला सरून जागा देतं. दोघींना मोकळी अशी एकच रात्र मिळते, इस्पितळाच्या गच्चीवर. ती रात्र कशी जाते ते मी सांगणार नाही. पुढचं तर मुळीच नाही. नणंदेनं शेवट वाचून मला ‘आधी सांगायला काय झालं होतं’ असा मेसेज पाठवला, तो राखून ठेवलाय.

एक कुरकूर करते, नाहीतर कुणी म्हणेल हिला पैसे मिळालेत. कादंबरीत एक डॉक्टर येते, डॉक्टर लिन, आणि ती बोलते फार. गरिबीच माणसं मारते, सरकार झोपलंय, वगैरे. बोलते ते सगळं खरं, पण दोनतीन ठिकाणी ती बाई थांबून व्याख्यान देतेय असं वाटलं. मी चिडून तिचं नाव शोधलं, तर ती खरी निघाली! तिथून माझी जी घसरगुंडी सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही.

कॅथलीन लिन. जन्म 1874, मेयो परगण्यात, धर्मोपदेशकाच्या घरी. डॉक्टर झाली, आणि ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या ईस्टर उठावात आयरिश सिटिझन आर्मीची वैद्यकीय प्रमुख म्हणून डब्लिनच्या सिटी हॉलमध्ये उतरली. पकडली गेली, तुरुंगात गेली. 1918 मध्ये पुन्हा फरारी. त्या ऑक्टोबरच्या अखेरीस तिला पकडलं खरं, पण शहर तापानं फणफणत होतं आणि डॉक्टर मिळत नव्हते, म्हणून डब्लिनच्या लॉर्ड मेयरनं शब्द टाकून तिला सोडवलं. सरकारला नको असलेली बाई, पण बाळंतिणींना हवी असलेली! दुसऱ्याच वर्षी तिनं गोरगरिबांच्या तान्ह्या मुलांसाठी सेंट अल्टन्स नावाचं इस्पितळ काढलं. बरोबर होती मॅडलिन फ्रेंच-मलन, सिटिझन आर्मीतलीच सहकारी. 1944 मध्ये मॅडलिन गेली तोवर दोघी एका घरात राहिल्या. म्हणजे कादंबरीतल्या ज्युलिया-ब्रायडीच्या मागे ही एक खरी जोडी उभी आहे, आणि लेखिका त्याचा मोठा गाजावाजा करत नाही. एखाद्या वाक्यात येऊन जातं.

ही साथ म्हणजे आपल्याकडची मानमोडी, बरं का. त्याच 1918 च्या जूनमध्ये ती मुंबईत शिरली आणि पुढे गावंच्या गावं ओस पडली. आयर्लंडमध्ये सुमारे 23 हजार माणसं गेली असं मानतात. हिंदुस्थानात एक कोटीच्या वर. माझ्या आजीच्या तोंडी ‘मानमोडीच्या साली’ हे शब्द तारखेसारखे यायचे. आणि डब्लिन-मुंबईचा आणखी एक धागा हाती लागला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्रिटनमध्ये बायकांना डॉक्टरकीच्या परीक्षेला बसू देत नव्हते तेव्हा 1877 मध्ये डब्लिनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं दार किलकिलं केलं, आणि तिथून परवाना मिळवणाऱ्या पहिल्या काही जणींत होती एडिथ पीची. तीच पुढे 1883 च्या अखेरीस मुंबईला आली, कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली, आणि आपल्या रखमाबाईंच्या डॉक्टर होण्यामागे खंबीर उभी राहिली. डब्लिनचं ते दार उघडलं नसतं तर?

असो. मुद्द्यावर येते. मुद्दा असा, की आयरिश साहित्यात प्रसूतिगृह नवं नाही. सगळ्यात गाजलेलं तर जॉइसच्या ‘युलिसिस’मध्ये आहे. होल्स स्ट्रीटचं इस्पितळ, 1904 चा जून. वरच्या मजल्यावर मिना प्युरफॉय तीन दिवस अडलेली आहे. आणि आपण कुठे असतो? खाली! तरण्याताठ्या पुरुषांच्या टेबलाशी, जे पितात, चावट बोलतात, इंग्रजी गद्याच्या सगळ्या शैलींची एकामागून एक नक्कल ऐकवतात. मधूनमधून एक नर्स येते, गप्प बसा म्हणते, आणि शेवटी मूल झाल्याचं सांगते. प्रकरण अफाट आहे, वादच नाही. पण त्या नर्सच्या मागोमाग जिना चढून जावंसं वाटलं नाही तुम्हाला? डॉनह्यू तो जिना चढली. मला तरी तिचं पुस्तक वाचताना सारखं असं वाटत होतं की मी आता वरच्या मजल्यावर आहे आणि खालून कुणाचं तरी हसणं ऐकू येतंय.

मग मी त्या जिन्यांच्याच मागे लागले. डब्लिनचे जिने! अठराव्या शतकात सरदार-दरकदारांनी बांधलेले वाडे, उंच छत, नक्षीकाम. 1800 च्या कायद्यानं आयर्लंडची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली, बडी मंडळी निघून गेली, आणि हळूहळू त्या वाड्यांच्या चाळी झाल्या. एकेका दिवाणखान्याचे भाग पाडून त्यात कुटुंबं. 1911 च्या शिरगणतीत शहरातल्या अशा घरांत सुमारे 26 हजार कुटुंबं राहत होती, त्यांतली 20 हजार एकेका खोलीत. हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या 14 नंबरच्या एका घरात तेव्हा 100 माणसं होती. 2018 पासून तिथे संग्रहालय आहे. अशा खोलीत बाळंतपण म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. पोरांना शेजारी धाडायचं, गादीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरायची, अंगणातल्या नळावरून पाणी चढवायचं. डॉक्टर घरी यायचा असेल तर गरिबांसाठी लाल तिकीट मिळवावं लागे, आणि ते द्यायचं की नाही हे ठरवणारे वेगळे.

तिकिटाची वाट न बघता येणारी होती ती हँडीवुमन. तळमजल्यावर राहणारी, स्वतःची सातआठ झालेली, गल्लीतल्या प्रत्येकाला पहिल्यांदा हातात घेतलेली आणि पुष्कळांना शेवटची आंघोळही घातलेली. हो, मढ्याची तयारीही तीच करायची. तिच्याकडे सर्टिफिकेट नव्हतं. 1918 मध्येच आयर्लंडसाठी सुइणींचा कायदा आला, मध्यवर्ती बोर्ड बसलं, नोंदणी आली, आणि बिनशिक्षणाची सुईण बेकायदा ठरत गेली. इथे मला कुणाची बाजू घ्यावी कळत नाही, आणि खरं सांगायचं तर घ्यायचीही नाही. बाळंतरोगानं बाया मरत होत्या, हात धुवायला शिकवणं भागच होतं. पण त्या कायद्याच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन बाया एकाच गल्लीत राहत असणार, एकीकडे नवा गणवेश आणि बॅग, दुसरीकडे अनुभव. आणि पहाटे तीनला दार वाजतं तेव्हा कुणाचं? कादंबरीकार मंडळींनी याच्यावर तुटून पडायला हवं!

खेड्यातली हँडीवुमन तर आणखीनच भन्नाट. आयर्लंडभर सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. अंधाऱ्या रात्री घोडेस्वार येतो, सुइणीला मागे बसवून नेतो. एक मोठं घर, उंची कपडे, अडलेली तरुण बाई. सुईण तिला मोकळी करते. तिला एक मलम देतात, बाळाच्या अंगाला लाव म्हणतात, पण स्वतःला लागू देऊ नकोस. नेमकी तिच्या डोळ्याला खाज सुटते. बोट लागतं, आणि त्या डोळ्याला दिसू लागतं की घर कसलं, ही तर टेकाडातली गुहा, आणि ही माणसं नव्हेतच, परीलोकातली आहेत. ती गप्प राहते, घरी येते. पुढे बाजारात तोच स्वार दिसतो. ती विचारते, बाळ-बाळंतीण बरी आहेत ना? तो विचारतो, कुठल्या डोळ्यानं पाहिलंस मला? ती दाखवते. तो डोळा जातो. मी ही गोष्ट तीनचार वेगवेगळ्या गावांच्या नावानं वाचली आणि दर वेळी त्या प्रश्नाशी येऊन थबकले. बघा ना, ती त्याला ओळखते, कारण तिला बाळाची चौकशी करायची असते. दुसरी कुणी असती तर मान खाली घालून निघून गेली असती.

याच जगात घडते हॅना केंटची ‘द गुड पीपल’. केंट ऑस्ट्रेलियन, पण गोष्ट केरी परगण्यातली, किलार्नीच्या बाजूची, 1825-26 ची. नान्स रोच ही म्हातारी जडीबुटीवाली, बाळंतपणं करणारी, मयताला रडणारी. नोरा ही विधवा, तिचा नातू चालत नाही, बोलत नाही. लोक म्हणतात, हे आपलं पोर नव्हे, परीलोकातल्यांनी बदललेलं आहे. त्यातून जे होतं त्याला आधार आहे एका खऱ्या खटल्याचा: 1826 मध्ये ट्रालीच्या कोर्टात ॲन रोच नावाच्या म्हातारीवर एका मुलाला नदीत बुडवल्याचा आरोप होता, आणि ती सुटली. इथे रोमान्स शोधू नका, नाही आहे. पण बाळंतिणीसाठी संत ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या रात्री, 31 जानेवारीला, झुडपावर टाकून ठेवलेलं कापड, घरातल्या गाठी सोडणं, कुलपं उघडणं, असली जी समजुतींची दुनिया मी इकडून तिकडून गोळा करत होते, ती इथे जिवंत होऊन समोर बसते. चिखलाचा वास येतो या पुस्तकाला. रात्री मात्र वाचू नका.

आणि आता जिच्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला ती. एलिझाबेथ ओफॅरल. जन्म 1883, डब्लिनच्या गोदीलगत सिटी की भागात, मजुराच्या घरी. शाळेपासूनची मैत्रीण ज्युलिया ग्रेनन. (हीसुद्धा ज्युलिया! मी उडालेच.) 1916 च्या उठावात दोघी आघाडीवर, शेवटपर्यंत मागे राहिलेल्या मोजक्या बायकांपैकी. 29 एप्रिलला दुपारी मूर स्ट्रीटच्या घरातून पांढरं निशाण घेऊन गोळीबाराच्या रस्त्यावर जी एकटी बाहेर पडली, ती एलिझाबेथ. शरणागतीचा निरोप तिनं नेला. सैनिकांना ती हेर वाटली, म्हणून तिच्या ॲप्रनवरचा रेड क्रॉस कापून काढला. उठावाचा नेता पॅट्रिक पिअर्स ब्रिटिश जनरलपुढे उभा राहिला तेव्हा ती त्याच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. त्या क्षणाचा फोटो प्रसिद्ध आहे. त्यात तिचे फक्त पाय दिसतात आणि झग्याची कड. काही ठिकाणी छापताना ते पायही पुसून टाकले! नंतर शहरभरच्या ठाण्यांवर शरणागतीचा हुकूम पोचवायला हीच फिरली. सुईणपणाचं शिक्षण तिनं होल्स स्ट्रीटला घेतलं, हो, जॉइसच्याच होल्स स्ट्रीटला, आणि पुढची वर्षं त्याच कामात काढली. ज्युलियाबरोबर राहिली. 1957 मध्ये गेली. ज्युलिया 1972 मध्ये. ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत दोघी एकाच जागी आहेत, एकाच दगडावर दोघींची नावं.

मजुराची मुलगी, सुईण, बंडखोर, आणि आयुष्यभराची सोबत. कादंबरी आणखी कशाला म्हणतात? आणि सुरुवात पांढऱ्या निशाणापासून नको, ते सगळे करतील. सुरुवात उठावानंतर पाचसहा वर्षांनी करा. चाळीचा जिना, हातात बॅग, वर कुणीतरी अडलेली, आणि दार उघडणाऱ्या बाईला कल्पनासुद्धा नाही की ही कोण आहे. सकाळी घरी परतल्यावर ज्युलियानं चहा टाकलेला. किती झालं वजन? मुलगा की मुलगी? पैसे दिले का काही? आणि अशा रोजच्या बोलण्यातून, पन्नासएक पानांनंतर, केव्हातरी त्या फोटोचा विषय निघावा.

डॉनह्यूनं आपल्या कादंबरीचं नाटक केलं, ते 2024 मध्ये डब्लिनच्या गेट थिएटरात झालं. ते थिएटर ज्या इमारतीत आहे ती अठराव्या शतकात उठवली होती शेजारच्या रोटुंडा प्रसूतिगृहाला नाच-गाण्याच्या मैफिलींतून पैसा मिळावा म्हणून! आता एलिझाबेथवर कादंबरी आली, तर तिचंही नाटक तिथेच लागणार. मी तिकिटाचे पैसे साठवायला घेतलेत. विमानाचे नंतर बघू.